चालत जाण्याइतकं जवळ

सोमवार, ३ मार्च

सगळ्यांत आधी आली ती घड्याळवाली. म्हणजे समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातली बाई. नाव सांगितलं होतं तिने, पण माझ्या डोक्यात नावं टिकत नाहीत, कामं टिकतात. मी दार पुरतं उघडलंही नव्हतं तर तिची मान आत. तिच्या मागे शाळेच्या बाई, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी बोट अजून फळ्याकडे दाखवल्यासारखं वर. शेवटी लोकरवाली, ती जिना चढतानासुद्धा विणत होती. आमची खोकी अजून दोरीतच होती. मी एका खोक्यावर बसले, त्या तिघी माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर दाटीवाटीने बसल्या, आणि पहिला चहा संपायच्या आत मला चार घरांच्या भानगडी पाठ झाल्या. कुणाची सून बोलत नाही, कुणाचं कुत्रं कुणाच्या कुंड्यांत जातं. फार बरं वाटलं.

ही वही नातीने दिली. रोज थोडं लिहीत जा आजी, हात वळता राहील, म्हणाली. मी चौथी शिकलेली, मला काय लिहायचं सुचणार? तर ती म्हणे, बोलतेस तसंच लिही. मग वही पुरायची नाही, असं म्हणाला मुलगा. वाचणार नाही अशी शपथ नातीने घेतली आहे.

घर फार जुनं आहे. दाराशेजारी पितळी पाटी, पूर्वी इथे कोणी मोठा माणूस राहायचा म्हणे. मोठा असेल, पण न्हाणीघर बांधताना त्याचा हात आखडला. वळले की कोपर भिंतीला लागतं. बाकी सगळं छान. दगडी रस्ता, त्यावर गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि गल्लीच्या टोकाला बाग. त्या बागेपलीकडे दुसरी बाग. खिडकीचा रंग बदलायचा तरी अर्ज करावा लागतो. शाळेच्या बाई अभिमानाने म्हणाल्या, आमच्याकडे जुनं काही टाकून देत नाहीत.

आणि म्हणाल्या, इथे माणसाला जे लागतं ते सगळं चालत जाण्याइतकं जवळ आहे. नसेल ते सांगा. मी म्हटलं, औषधाचं दुकान जरा लांब पडतं, गुडघे बोलतात. त्यांनी पिशवीतून छोटी वही काढून टिपून घेतलं. मग लोकरवालीने विचारलं, तुमचं कोणी मागे राहिलं का हो ताई? मी म्हटलं, थोरल्या जाऊबाई राहिल्या, आमच्या जुन्या घरी. एकट्याच असतात, काठी घेऊन जेमतेम चालतात. शेजारीण दोन वेळा डबा देते. तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपण बोलतो तसं मी बोलून गेले, "काय करणार, सहा तासांची वाट. जवळ असत्या तर रोज गेले असते."

शाळेच्या बाईंनी तेही टिपून घेतलं.

बुधवार, ५ मार्च

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, म्हणून मी पावलं मोजते. बोटांच्या पेरांवर बारा, दर बाराला एक खूण दुसऱ्या हातावर. औषधाचं दुकान चारशे वीस पावलं. पाववाला नव्वद. वाचनालय दोनशे दहा, तिथे मी नुसती खुर्चीत बसून येते, कोणी काही विचारत नाही. पहिल्या बागेचं फाटक तीनशे. बागेत तळं आहे, तळ्यात बदकं आहेत आणि बदकांना पाव घालू नये अशी पाटी आहे. पाटीखालीच एक आजोबा त्यांना पाव घालत असतात. मी विचारलं तर म्हणाले, मला वाचता येत नाही. हातात वर्तमानपत्र होतं त्यांच्या.

संध्याकाळी मुलाला सगळं सांगितलं. आई, तू खूश आहेस ना, असं त्याने तीनदा विचारलं. मी खूश आहे. नुसतं "आई" म्हणतो तो आता, "धाकटी आई" नाही.

शनिवार, ८ मार्च

गुडघे बरे झाले म्हणायचे. औषधाचं दुकान आज तीनशे दहा पावलांतच आलं. माझीच पावलं मोठी पडत असतील. घड्याळवालीला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, लागतं ते इथे जवळ येतं, ताई. कौतुकाने बोलली असेल.

दुपारी मुलगा माझ्या खोलीत आला आणि दुसऱ्या पलंगावर बसला. मोठीआईची आठवण येते म्हणाला. पुन्हा एकदा विचारून बघू का, आता तरी येईल का ती. मी म्हटलं, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, नाही म्हणजे नाही. बरं, म्हणाला. पलंगावरची चादर सारखी करून गेला.

आता लिहितेच. पलंग त्याने दोन घेतले होते. घर घेतानाच म्हणाला होता, दोघींना घेऊन जातो, तिला तू विचार, तुझं ऐकेल. तो झाला तेव्हा मी सहा महिने अंथरुणाला खिळले होते, त्याला न्हाऊमाखू जाऊबाईंनी घातलं. पुढे पडला की रडत त्यांच्याकडे धावायचा, मी शेजारी उभी असले तरी. चाळीस वर्षं मी ते बघितलं. मी त्यांना विचारलं नाही. त्याला सांगितलं, ती नको म्हणते. तिला सांगितलं, त्याच्याकडे एकीपुरतीच जागा आहे. त्या म्हणाल्या, मग तू जा धाकटे, तुझे गुडघे वाईट आहेत.

एवढंसंच आहे. बायका याहून मोठं खोटं बोलतात.

मंगळवार, ११ मार्च

आज दुसऱ्या बागेपर्यंत गेले. पलीकडच्या फाटकातून एक अरुंद गल्ली जाते, तिच्या तोंडाशी दिव्याचा खांब. गल्लीच्या टोकाला हिरवं दार दिसलं. अगदी आमच्या जुन्या घरासारखं. मी गंमत म्हणून जवळ गेले. खालची फळी कुरतडलेली होती, आमची घुशीने कुरतडली होती तशीच. वरच्या बिजागरीत स्क्रूऐवजी खिळा. कडीला सुतळी, वारा आला की दार आपटतं म्हणून निघताना मी बांधली होती, शेजारीण मागच्या दाराने येते-जाते. गाठ माझी होती. मी डावखुरी आहे, माझी गाठ उलटी बसते.

परत आले. जाताना नऊशे बावीस पावलं मोजली होती. वाट तीच, पण परत येताना आठशेच झाली.

कोणाला सांगितलं नाही. दारं काय, एकसारखी असतात.

गुरुवार, १३ मार्च

दार आता बागेच्या अलीकडे आहे. वाचनालयाला लागून, जिथे परवा नुसती भिंत होती. दोनशे चाळीस पावलं.

आतून भांडं वाजत होतं. जाऊबाईंना मोठ्याने हाक मारवत नाही, काही हवं असलं की पितळी भांडं फरशीवर तीनदा आपटतात. ठण, ठण, ठण. चाळीस वर्षं ऐकलं आहे मी.

वाचनालयातल्या पोराला विचारलं, हे दार कुणाचं? तो म्हणे, जुनंच आहे की. येणारेजाणारे त्याच्यासमोरून जात होते. शाळेच्या बाई पलीकडून आल्या, हसून म्हणाल्या, सोय झाली ना तुमची, गेलात का आत? मी म्हटलं, आज गुडघा धरलाय, उद्या जाईन.

गुडघा धरलेला नव्हता.

शनिवार, १५ मार्च

जुन्या घराच्या शेजारणीचा फोन आला. फार घाबरलेली. मंगळवारी डबा घेऊन गेली तर दारच नाही. सलग भिंत, वर चुना लावलेला, जसं तिथे कधी दार नव्हतंच. पुढे येऊन बघितलं तर पुढेही तसंच. चार दिवस तिचं कोणी खरं मानेना, म्हणून शेवटी मुलाला फोन. मंगळवारपासून जाऊबाईंना कोणी पाहिलेलं नाही. मंगळवारपासून त्यांना डबा नाही.

मुलाचा चेहरा मला बघवेना. लहानपणी तिच्या मागे धावायचा तेव्हाचा चेहरा. लगेच निघाला. मी दारात उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं, अरे तिकडे कशाला जातोस, ती इथे आहे, पाववाल्याच्या पुढे, एकशे दहा पावलांवर.

पण मग तो तिला भेटला असता. आणि तिने सांगितलं असतं, की तिला कोणी विचारलंच नाही.

मी त्याला म्हटलं, सांभाळून जा. बरोबर पोळी बांधून दिली.

रविवार, १६ मार्च

त्या तिघी पुन्हा आल्या. चहा नको म्हणाल्या. आज भानगडी नाहीत, काही नाही, लोकरवालीचे हातसुद्धा थांबलेले.

शाळेच्या बाईंनी वही उघडून मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. जवळ असत्या तर रोज गेले असते. मग विचारलं, किती जवळ हवं होतं, ताई? मी म्हटलं, माझी तब्येत, घरात माणूस नाही, सूनबाई कामावर, मुलगा गावाला. त्यांनी मान डोलावली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"असू दे. तुम्हाला चालायलाच लागणार नाही असं करू. बुधवारी येतो दोघींना भेटायला."

जाताना घड्याळवालीने खाली गल्लीत बोट दाखवलं. तिच्या दुकानाशेजारी. हिरवं दार. तेहतीस पावलं, जिन्याच्या पायऱ्या धरून.

सोमवार, १७ मार्च

दार जिन्याच्या वळणावर. अकरा पावलं.

सूनबाईने बघितलं. जुन्या घरात अशी बंद दारं असतात म्हणाली. कामावर जाताना कडी ओढून पाहिली तिने, उघडलं नाही. आवाजाचं म्हणाली, नळाच्या पाइपचा असेल.

पाइप तीनदा वाजून थांबत नाहीत.

ती गेल्यावर मी तांब्या भरून घेतला. देवाशपथ घेतला. दारापर्यंत गेले, सुतळीला हात लावला. आत भांडं थांबलं. तिला कळलं मी आहे ते. पावलांवरून ओळखते ती मला.

"धाकटे, झाली का गं जागा?"

रागाने नाही. नुसतं विचारलं. आवाज कोरडा पडला होता.

माझ्यामागे खोलीचं दार उघडं होतं. आत दोन पलंग.

तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि परत आले. तांब्या दाराच्या बाहेर राहिला. बाहेर. तिचा हात कसा पोचणार —

मंगळवार, १८ मार्च

दार माझ्या खोलीत आहे. पलंगासमोर. तीन पावलं.

सकाळपासून भांडं वाजलं नाही.

मुलाचा फोन. पोलिसांनी भिंत फोडली, मागे नुसती माती. रडत होता. मोठीआई, मोठीआई असं करत होता. मी म्हटलं, येशील तेव्हा बोलू. आत्ता सांगता आलं असतं, तीन पावलं —

दुपारी सोडली गाठ. बोटं वळत नव्हती, दातांनी सोडली. दार उघडलं. आमचीच खोली. अंथरूण, काठी, भांडं पालथं. उशीला खळगा. चादर गरम होती.

जाऊबाई नाहीत.

हाक मारली. जाऊबाई, म्हटलं. कधी नव्हे ते ताई म्हटलं. आतून काही नाही. मग उत्तर आलं, पण ते — फार जवळून —

दार लावून घेतलं. कशाला लावलं? आत कोणी नव्हतंच.

बुधवार, १९ मार्च

दार नाही. भिंत आहे. पावलं मोजायला उठले, मोजायला काही उरलं नाही.

तहान लागते आहे. सकाळपासून चार तांबे प्यायले. जात नाही. माझी नाही ती तहान.

हात आपोआप पेला उचलून आपटतो. तीनदा. सूनबाई धावत आली, काय हवं आई, विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं तर, "जागा झाली गं," असं आलं. माझा आवाज नव्हता. सूनबाई मागे सरली. डॉक्टरला आणायला गेली आहे.

मुलगा आज परत येतो आहे. तोंडाने सांगता येईल असं वाटत नाही म्हणून इथे लिहिते. ही वही त्याला द्या. बाळा, ती नको म्हणाली नव्हती. मी विचारलंच नव्हतं. तुला वाटलं तिने तुला नाकारलं, तिला वाटलं तू — दोघांनाही मीच —

अक्षर बघ, वाकडं येतंय. ती शाळेत गेलेली नव्हती ना. लेखणी धरता येत नाही तिला, आणि हात आता जास्त तिचा —

जिन्यावर पावलं. तिघींची. घाई नाही त्यांना. बुधवारी येतो म्हणाल्या होत्या, दोघींना भेटायला. आज बुध—