एलादियो साहेबांचा न झालेला संप

लिहून ठेवणार दाजी सखाराम मेस्त्री, वय वर्षे सदुसष्ट, धंदा सुतारकाम, मूळ राहणार तालुका देवगड, सध्या मुक्काम मनामा, बाब अल बहरीनच्या मागची गल्ली. शिक्षण मराठी चौथी, तीही मास्तरांच्या दयेने. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण तो डोक्यात गेलेला नाही असे डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारून घेतले. मला कोणी धाक घातलेला नाही की काही पाजलेले नाही. दोन वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी जावयाला वाचायला दिले, ही माझी चूक.

कलम १. वाडीतील घर, पडवी व विहिरीतील अर्धा हिस्सा मुलगी मालू हिला. जावयाला नाही. मी जिवंत असताना त्याने स्कूटर ठेवण्यासाठी पडवी मोजून घेतली, हे मला शेजाऱ्याच्या पत्रातून कळले. स्कूटर अजून घेतलेलीही नाही. बँकेच्या पुस्तकात जे असेल तेही मालूलाच.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे तीन रंधे, सगळ्या पटाश्या, वाकस आणि शिसवी मुठीची करवत, वाडीतील विठ्ठल तारी याला द्यावीत. तो घेणार नाही. तरी द्यावीत. करवतीला तेल लावून, कपड्यात गुंडाळून. दमट हवेत दोन दिवसांत गंज धरतो, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

कलम ३. पत्र्याच्या ट्रंकेतील स्पेनची कागदपत्रे. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यांनी माझे आठ वर्षे डोके खाल्ले आहे.

एलादियो साहेब जहाजदुरुस्तीच्या गोदीत आमचे फोरमन होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचा फार. सत्त्याहत्तर साली त्यांच्या देशात निवडणुका सुरू झाल्या आणि साहेबांच्या अंगात आले. जेवणाच्या सुट्टीत खोक्यावर उभे राहून आम्हाला सांगायचे की गोदीच्या तळात सावली नाही, थंड पाणी नाही, तुम्ही काम बंद करा. इंग्रजी त्यांचेही मोडके आणि आमचेही; गोदीतली थोडी हिंदी त्यांनी उचलली होती, तेवढीच. आम्ही माना हलवायचो आणि भाकरी खायचो.

आमच्या वाडीची रीत अशी की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडीच्या लाकडाला लोखंड लावायचे नाही. परदेशात आलो म्हणून रीत सुटत नाही. आदल्या दिवशी मी, सुतारांचा मुकादम म्हणून, साहेबांना सांगितले, "कल सुबह काम नहीं. समुंदर, नारियल. दोपहर को आएगा."

साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "काम बंद? बहुत अच्छा, दाजी. बहुत अच्छा."

मला वाटले, परक्या धर्माचा माणूस, किती मान राखतो.

सकाळी आम्ही एक्केचाळीस जण अरादच्या बाजूला समुद्रावर गेलो. नारळाचा मान आमच्याबरोबरच गोदीत असलेल्या विठ्ठल तारीचा होता, पिढ्यान् पिढ्यांचा. साहेब मागोमाग कॅमेरा घेऊन आले, फोटो काढला आणि तसेच गोदीच्या फाटकावर जाऊन मॅनेजरला म्हणाले की पाणी आणि सावली मिळेपर्यंत माणसे आत येणार नाहीत. आम्ही दुपारी भूक लागली म्हणून आत गेलो. चार दिवसांत पाण्याचे कूलर आले, वर ताडपत्री लागली. आम्ही म्हटले, देव पावला.

पाचव्या दिवशी मला ऑफिसात बोलावले. संप कोणी केला, एक नाव सांग, नाहीतर सगळ्यांचा व्हिसा खलास. मी म्हणालो, संप नाही, पूजा होती. मॅनेजर म्हणाला, कूलर पूजेने येत नाहीत. एलादियो साहेब तिथेच खिडकीपाशी उभे होते. बाहेर बघत होते.

मी विठ्ठल तारी हे नाव सांगितले. त्याचे लग्न झालेले नव्हते, एवढाच विचार त्या क्षणी केला. कागदावर माझी सही आहे. दोन दिवसांत त्याला विमानात बसवले. निघताना तो मलाच म्हणाला, "दाजीनू, माझा नाव कोणी दिल्यान ता इचारा हां. सोडू नकात."

मी म्हणालो, विचारतो.

साहेब पुढच्या वर्षी मायदेशी गेले. एकोणऐंशीत गावचे नगराध्यक्ष झाले. त्र्याऐंशीत त्यांच्या प्रांताला स्वतःची विधानसभा मिळाली, तिच्यात निवडून आले आणि दीड वर्ष मासेमारी खात्याचे मंत्री होते. मग पक्षाशी भांडले, दुसऱ्यात गेले. आता तिसऱ्यात आहेत. दर निवडणुकीचे पत्रक मला टपालाने येते. प्रत्येकावर आमचा तोच फोटो, मध्ये विठ्ठल, हातात हार घातलेला नारळ. खाली काय लिहिले आहे ते गोव्याच्या मिनेझिसबाबांनी वाचून सांगितले. त्यांना पोर्तुगीज येते, त्यामुळे ही भाषा अर्धी कळते. पहिल्या वर्षी लिहिले होते, माझ्या हाकेला चाळीस कामगार उभे राहिले. मंत्री झाले तेव्हा चारशे झाले. गोदीत सगळे मिळून चारशे नव्हते. जिथे एक वाक्य बोलायचे होते तिथे हा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला, आणि समुद्रापलीकडे जाऊन नऊ वर्षे बोलतो आहे.

गेल्या महिन्यात ते पुन्हा निवडून आले. पुन्हा मंत्री होणार होते, पण तिथल्या एका वर्तमानपत्राने विचारले की हा संप खरेच झाला का. म्हणून मला पत्र. माझ्या प्रिय मित्रा, तू सहीनिशी लिहून दे की तुम्ही माझ्या सांगण्यावरून काम बंद केले.

सही. पुन्हा माझीच सही.

मी लिहून देणार नाही. संप झाला नव्हता. पत्रके, फोटो व माझी ही हकिगत मी मेल्यावर वाडीच्या देवळात सर्वांसमोर वाचावी. विठ्ठलला तिथे संपवाला म्हणतात. जमलेले लग्न मोडले, पुन्हा कोणी मुलगी दिली नाही, आणि परदेशातून हाकललेल्या हातचा नारळ समुद्र घेत नाही म्हणून वाडीने त्याचा मान काढून घेतला. दहा वर्षे तो पौर्णिमेला मागे उभा राहतो. तो हे मालूला म्हणाला, मला नाही.

कलम ४. वरील शेवटचा मजकूर बदलला आहे. कारण असे. रत्नागिरीकडचे रहिमतुल्ला, माझ्या खोलीतले, टपाल कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे, यांना साक्षीदार म्हणून बोलावले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"दाजीचाचा, मी सही करत नाही."

"का? अक्षर वाईट आहे?"

"अक्षर चांगलंय. विठ्ठलचं वय काय?"

"बेचाळीस असेल."

"आणि तुम्ही अजून वीस वर्षं जगलात तर? तुमच्यासारखी घाबरट माणसं लई जगतात. तोवर त्यानं मागं उभं राहायचं?"

मी म्हणालो, मला तोंड दाखवणे जमणार नाही. वाडी थुंकेल. जावई तर आनंदाने थुंकेल.

"तुमच्या त्या साहेबालापण तोंड दाखवणं जमलं नाही," रहिमतुल्ला म्हणाले. "तो खिडकीतनं बघत होता, तुम्ही कबरीतनं बघणार."

"आम्हाला कबर नसते."

"मग तर लपायला जागाच नाही."

मला राग आला. त्यांना चहा दिला नाही. त्यांचे म्हणणे खोडता येईना, याचाच जास्त राग आला.

म्हणून असे लिहितो की कलम ३ मधील वाचन माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. या वर्षीची नारळी पौर्णिमा नऊ ऑगस्टला आहे. मी त्याआधी वाडीत पोहोचून, देवळात, माझ्या तोंडाने वाचेन. विठ्ठलने मारले तर अडवू नये. मान त्याला परत द्यावा. वाडीने नाही म्हटले, तर त्या दिवशी मी मागे त्याच्या शेजारी उभा राहीन. एलादियो साहेबांना याची नक्कल पाठवावी. मंत्रिपदाचे त्यांचे ते बघतील.

हे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच आहे.

दाजी सखाराम मेस्त्री (सही)

साक्षीदार
१. आंतोनियो मिनेझिस (सही)
२. रहिमतुल्ला (सही, विमानाचे तिकीट व त्यावरील तारीख प्रथम डोळ्यांनी पाहून)

मुक्काम मनामा, शुक्रवार, १७ जुलै १९८७