साहेबांना द्यायचं उत्तर

१ डिसेंबर, सोमवार
आवाज बसलाय. कारण खडूची धूळ. गेल्या महिन्यात तपासणीला आलेले साहेब चौथीच्या पोरांसमोर म्हणाले होते, आयुब सर, शिकवता का नुसतं बोंबलता? त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. ते मी त्याच दिवशी विसरलो. पोरं हसली, तेही विसरलो.
संकल्प: आजपासून कोमट पाणी. साहेब परत आले की खणखणीत आवाजात उत्तर द्यायचं. उत्तर तयार आहे.

४ डिसेंबर
कोमट पाणी बंद. सारखं उठावं लागतं. आता ज्येष्ठमध. उत्तरात थोडी दुरुस्ती केली.

९ डिसेंबर, मंगळवार
हेडमास्तर अमरसिंह सर म्हणाले, सकाळचा परिपाठ काही दिवस शिवकन्या मॅडम घेतील. मान हलवली. बरंच झालं, घशाला आराम. माझी प्रतिज्ञा ढोकीच्या स्टँडपर्यंत ऐकू जायची. मॅडमची फाटकापर्यंतही जात न्हाय. दुपारी डबा तसाच परत आणला. भूक नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार
धाराशिवला घशाच्या डॉक्टरांकडं. आत कॅमेरा घालून बघितलं. म्हणाले, घशात काही दिसत नाही. झोप लागते का? मनाला काही लागलंय का? आता घसा दाखवायला गेलेल्या माणसाला हे विचारायचं असतं का? डॉक्टर नवीन असावा.
येताना एसटीत कंडक्टरला गावाचं नाव मोबाइलवर लिहून दाखवलं. त्यानं दिव्यांगांची सीट रिकामी करून दिली. बसलो. पाय दुखत होते.

१६ डिसेंबर
रुकसाना म्हणाली, दिवसभर घरात मुके, अन् झोपेत साहेबांशी भांडता तेव्हा आवाज कुठून येतो तुमचा? मी म्हणालो, मला स्वप्नंच पडत नाहीत. तिला ते ऐकू गेलं नाही.

१९ डिसेंबर
मी जसा म्हणेन तसाच पाढा माझ्यामागं म्हणायचा, ही शिस्त पोरांना मीच लावली. आज सतराचा पाढा कुजबुजत म्हणालो. अख्खा वर्ग कुजबुजला. मयतीच्या घरात बसल्यासारखं वाटलं. लई वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. धूळच फार.

२३ डिसेंबर, मंगळवार
साहेब आले. दारात उभं राहून पाढा ऐकला. म्हणाले, आता कसा शांत वर्ग, असंच शिकवत जा. पोरं माझ्याकडं बघत होती. उत्तर तोंडपाठ होतं. पुढं झालो, तोंड उघडलं.
जी साहेब.
खणखणीत. पार स्टँडपर्यंत गेलं असेल. शेजारच्या वर्गातून शिवकन्या मॅडम बघायला आल्या.
म्हणजे ज्येष्ठमध लागू पडला.
साहेब गेल्यावर पाढा पुढं सुरू केला. नुसते ओठ हलले. पोरांनीही नुसते ओठ हलवले.