कुलरमधला केक

२७ जानेवारी, मंगळवार

आज सदर बाजारात पार फजिती! चष्मा घेऊन निघालो तर शेजारच्या गिफ्टच्या दुकानात काचेमागं तीन मजली पांढरा केक. पिवळी रिबन, वर टेडी. म्हटलं, बायकोच्या वाढदिवसाला सांगून ठेवावा. आत जाऊन पोरीला विचारलं, "बिनाअंड्याचा आहे ना?"

पोरगी हसून हसून काउंटरवर आडवी! "काका, डायपरचा आहे तो! बाळ झालं की देतात. मग एकेक सोडून वापराचा."

बत्तीस वर्षं सरकारी नकाशे काढले मी. एका पोरीनं दोन मिनिटांत येडा ठरवला.

पण केक डोक्यातून जाईना. घरी येऊन आठवेल तसा आराखडा काढला. बाजूनं एक, वरून एक.

२८ जानेवारी

ठरलं. वैभवीच्या बाळासाठी केक मी बनवणार. आजोबाच्या हातचा! पोरगी सध्या सासरी, कामठीला. तारीख २० मार्चची दिली आहे.

अडचण एकच — बायको. बाळ येईस्तोवर त्याच्या नावानं घरात चिंधीसुद्धा आणायची नाही, हा भागीरथाच्या माहेरचा कायदा. मी नाही मानत. दोन वर्षांपूर्वीही नाही मानला. हौसेनं सागवानी पाळणा आणला, आणि आठव्या महिन्यात वैभवीचं बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, नाळेचा दोष, कोणाचाच काही संबंध नाही. पाळणा कुहीला भाच्याकडे धाडून दिला. भागीरथा मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता पुन्हा आठवा महिना चालू आहे. म्हणूनच बनवायचा! माझ्या आणण्यानं काही होत नसतं, हे एकदा दिसू दे. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच.

३१ जानेवारी

ओळखीचं कोणी नको म्हणून चार चौक सोडून लांबच्या मेडिकलमध्ये गेलो.

"बाळ किती किलोचं?"

"अजून आलं नाही."

"मग साईज कोणती देऊ?"

"सगळ्यात लहान द्या ना गा! जन्मतः कोणी पहिलवान असतं काय?"

बाहेर पडलो तर समोर प्रयागबाई! आमच्या भिंतीला भिंत लागून घर तिचं. पाकीट छातीशी धरलं — बाळाचं चित्र आत, अक्षरं बाहेर. तिनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"वयानं होते भाऊजी," हळूच म्हणाली. "लाजाचं काय त्याच्यात!"

खरं सांगावं तर भागीरथाला कळणार. मान खाली घातली आणि म्हटलं, "हो जी."

२ फेब्रुवारी

संध्याकाळचा चहा अर्धा कप. जेवताना तांब्या माझ्यापासून दूर. रात्री पाहतो तर गादीवर माझ्याच बाजूला मेणकापड! भागीरथा नुसती मायेनं पाहते.

दुपारी वैभवीचा फोन. "बाबा, एकदा शुगर तपासून घ्या ना."

इज्जत गेली. पण केक वाचला.

८ फेब्रुवारी

गच्चीवरच्या खोलीत तीन दिवस काम. बायकोला सांगितलं, भाच्याच्या वावराचा नकाशा काढून राहिलो.

सोपं नाही हे! डायपर घट्ट गुंडाळा, रबर लावा, उभा करा. रबर सुटला की थेट चष्म्यावर. पहिला केक वाकला. दुसरा मी शिंकलो आणि पसरला. मग कंपास काढला. मधोमध तेलाची बाटली, भोवती गोल गोल रांगा — खाली सदतीस, मध्ये एकोणीस, वर सात. एकूण त्रेसष्ट. गुण्यानं ओळंब्यात उभा राहिला! मोज्यांची गुंडाळी करून फुलं केली. टेडी बसवला, त्याचं नाक थोडं तिरपं आहे, असू दे.

दहा मिनिटं नुसता पाहत बसलो. हात लावून पाहिला. एवढंसं असतं बाळ, ह्यात मावणारं.

आता लपवावा कुठं? कपाटं सगळी तिच्या ताब्यात. मग सुचलं — मागच्या खोलीतला मोठा कुलर! थंडीत कुलरमध्ये कोण डोकावतं? टाकी कोरडी ठक्क. पंख्याच्या मागं बरोबर बसला, वर दोन इंच जागा शिल्लक. जाळी लावून टाकली.

भल्याभल्यांना सुचणार नाही.

१९ फेब्रुवारी

सत्यानाश!

सकाळी फिरून आलो तर मागच्या खोलीत घरघर. भागीरथा कुलरपुढं बसलेली, नळाची नळी टाकीत सोडलेली. फेब्रुवारीत!

"गरम होऊन राहिलं जी," म्हणाली. अंगावर शाल होती. ह्या वयात बायकांचं असं होतं म्हणतात, घडीत थंडी, घडीत गरमी.

धावत जाऊन जाळी काढली. डायपरनं आपलं काम इमानदारीनं केलं होतं. पूर्ण टाकी पिऊन टाकली! केक तिप्पट फुगून पत्र्याला टेकलेला. कुठं कुठं फाटून साबुदाण्यासारखा लगदा बाहेर. टेडी पंख्याच्या मागं चेपून बसला.

"हे काय होय?" भागीरथा मागं उभी.

"जाळीत भरायची नव्या प्रकारची खस आहे," मी म्हटलं. "पाणी धरून ठेवते."

"रिबन लावलेली?"

"कंपनीच लावून देते."

"बरं."

नुसतं बरं! पस्तीस वर्षांत इतक्या लवकर मानलं नाही तिनं माझं काही.

चार घमेली भरून गच्चीवर नेलं, उन्हात पसरलं. वाळता वाळेना. प्रयागबाई कपडे काढायला तिच्या गच्चीवर आली. ओळीनं मांडलेले ते फुगलेले डायपर पाहिले. मोजत असावी, ओठ हलत होते. मग तिनं मला दोन्ही हात जोडले आणि खाली गेली.

२० फेब्रुवारी

हसून घेतलं काल. आज हसू येत नाही.

आठव्यातच पाळणा. आठव्यातच हा केक, आणि त्याची ही गत. मी मानत नाही. मानत नाही असं सकाळपासून पाच वेळा स्वतःला सांगून झालं.

दुपारी वैभवीला उगाच फोन केला. "बाळ हलते ना?"

"हलते बाबा. काहून?"

"काही नाही. असंच."

२३ फेब्रुवारी

हलते.

२४ फेब्रुवारी

हलते. जावई सुशील म्हणाला, बाबा, दिवसातून चारदा नका विचारू, ती घाबरून राहिली. बरोबर आहे त्याचं. आता फक्त सकाळी विचारायचं.

१ मार्च

वैभवी आली बाळंतपणाला. पोट केवढं! माझी पाहायची हिंमत होत नाही. भागीरथा तिला डिंकाचे लाडू भरवते, मला अर्धा कप चहा. चहावरून मी आता भांडत नाही. तो केक मी गुपचूप बनवला आणि बुडाला, हे कोणाजवळ बोलताही येत नाही.

१६ मार्च, सोमवार

मुलगी!! सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. दोघी ठणठणीत. दोन किलो आठशे. रडली ती अशी की बाहेर बाकड्यावर ऐकू आलं, आणि मग बाकड्यावर मीच रडत होतो. सुशीलनं पाणी आणून दिलं. मी पूर्ण ग्लास प्यायलो, भागीरथानं अडवलं नाही.

भागीरथानं तिच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी रिकाम्या हातानं गेलो होतो. नातीला द्यायला काहीच नव्हतं माझ्याजवळ.

१७ मार्च

दवाखान्यातून परत येताना ऑटोत भागीरथा बाहेर पाहत म्हणाली, "पाणी मी जाणूनबुजून सोडलं होतं जी. प्रयागबाईनं सांगितलं, म्हून तुमचं पाकीट शोधाले गच्चीवर गेलो, अन् दारातून दिसलं, तुम्ही मोज्याचे फुलं करून राहिले होते. तुम्हाले कळू नये म्हून चहा अर्धाच देत राहिलो." मी तिच्याकडे वळलो. "मागच्या वेळी तुम्ही सहा महिने धड जेवले नाही. आता पुन्हा काही झालं असतं अन् हा केक घरात असता, तं तुम्ही सोताले जगू दिलं नसतं. कुलरात सापडला तवा फेकाले गेलो, पण बाळाचं म्हून हात लावू वाटे ना. मंग पाणीच सोडलं."

मग पदरानं डोळे पुसले आणि मेडिकल स्टोअरपुढं तिनंच ऑटो थांबवला. "आता बनवा. चार मजली. मी बी गुंडाळू लागतो."