अर्धं विणलेलं निशाण

२ मे
आजपासून रोजनिशी. देश जन्माला येतोय, कुणीतरी लिहून ठेवायला हवं. एक जूनला, सुगीच्या सणाच्या दिवशी, केन्यालांग प्रजासत्ताक सुरू. क्वालालंपूरवाल्यांना कायमची सुट्टी.
काल ओसरीवरच्या बैठकीत आमच्या लांबघराने, म्हणजे या एका लांब छपराखालच्या साऱ्या कुटुंबांनी, मला ध्वज कमिटीचा अध्यक्ष केलं. एकमताने. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, यावरून विश्वास दिसतो.
संकल्प: तुआक बंद. अध्यक्षाच्या तोंडाला तांदळाच्या दारूचा वास शोभत नाही.

३ मे
काल थोडी घेतली. लोक अभिनंदनाला आले होते, आग्रह मोडवेना. आजपासून बंद.

५ मे
एक अडचण आहे. सगळे मला अजून ‘जांताईचा बाप’ म्हणतात. पहिलं मूल झालं की आमच्याकडे माणसाचं स्वतःचं नाव गळून पडतं, ते ठीक. पण उद्या मंत्री येतील आणि आमचा मुखिया बेलायोंग त्यांच्यासमोर ओरडेल, ए जांताईच्या बापा, खुर्च्या मांड! मग अध्यक्षपदाचं काय राहिलं? शिवाय माझा मुलगा जांताई जाऊन तीन वर्षं झाली. पुरात नदी ओलांडताना बोट ओंडक्यावर आपटली. पूल असता तर आपटली नसती. जुन्या सरकारने तो पूल दर निवडणुकीला बांधला. नवा देश झाला की पहिला पूल आमचा, म्हणून तर मी यात पडलो. बाकी त्या विषयावर लिहिण्यासारखं काही नाही.
संध्याकाळी ओसरीवर जाहीर केलं की यापुढे मला अध्यक्ष म्हणायचं. बेलायोंगने हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, बरं.

९ मे
समुद्रापलीकडच्या जोहोरहून हिचा फोन. आमच्या लेकीला, लुलीला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. ही बाळंतपणासाठी तिकडे गेली तेव्हा तो आपलाच देश होता. आता परदेश होणार. मी म्हटलं, बघ, तुझा परदेश दौरा झाला.
तिने नातीपेक्षा आपल्या हातमागाचीच चौकशी जास्त केली. झाकलाय ना? उंदीर लागले नाहीत ना? मी हो म्हटलं. उद्या झाकतो.
या मागाचंही एक प्रकरण आहे. बायकांना नक्षी स्वप्नात दिसते, हे आमच्याकडे जुनंच. हिच्या स्वप्नात म्हणे जांताई येतो आणि नक्षी सांगतो. ही दोन बोटं विणते आणि मग महिनाभर हात लावत नाही. या गतीने देश बांधायला घेतला असता तर झालंच होतं.
माझ्या नव्या नावाचं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. नेटवर्क गेलं असावं. मागे नातीचं रडणं मात्र येत होतं.

१६ मे
राजधानीहून बोटीने ध्वजाचा खांब आला. अ‍ॅल्युमिनियमचा, चकचकीत. बरोबरच्या अधिकाऱ्याला पुलाचं विचारलं. पूल दुसऱ्या योजनेत आहे म्हणाला. पहिलीत खांब. क्रम बरोबर वाटतो. आधी निशाण, मग पूल.
खांब उभा केला. किंचित नदीकडे झुकलाय. लांबून कळत नाही.

२४ मे
निशाणं आली नाहीत. बोट कुठेतरी अडकली आहे म्हणे. नदीच्या खालच्या अंगाच्या लांबघरात आधी पोचली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. निशाण लाल, त्यावर पिवळा धनेश, म्हणजे आमचा केन्यालांग. म्हणून बाजारात लाल कापड शोधलं, सगळ्यांवर फुलं. फुलांचा देश थोडाच आहे.

२६ मे
प्रश्न सुटला. उपाय घरातच होता आणि मी बाजार पालथा घालत होतो.
मागावरचं कापड. रंग गडद लाल, आपल्या निशाणाचाही लालच. अर्धंच विणलंय, पण निशाणाला तेवढं पुष्कळ.
शेजारच्या दारातल्या इनी लेमाय, म्हणजे लेमाय आजी, धावत आल्या. लांबघरातल्या सगळ्या बायकांना विणायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे प्रत्येक मागावर आपली मालकी आहे असं त्यांना वाटतं. पुरुषाने मागाला हात लावू नये, म्हणाल्या. मी राष्ट्रीय गरज समजावून सांगितली. त्यांनी पानाची पिंक टाकली.
“ते कापड पुरं होईल तेव्हा तुझा पोरगा पलीकडे पोचेल,” त्या म्हणाल्या. “अर्ध्यावर कापलंस तर तो कुठे उभा राहील रे?”
म्हाताऱ्या माणसांशी वाद घालू नये. त्या गेल्यावर कापलं. सुतं तटातट तुटली. कात्री दोनदा हातातून निसटली. तुआक एकदम बंद केल्याचा परिणाम. म्हणून थोडी घेतली.

२८ मे
जुन्या पिवळ्या रेनकोटातून धनेश पक्षी कापून कापडावर शिवला. चोच छान आलीय. बेलायोंगने विचारलं, कोंबडी आहे का? कलेतलं त्याला काय कळतं.
हिच्यासाठी मासा धुरावर टांगलाय. तिला आधी काही सांगायचं नाही. देशाचं पहिलं निशाण आपल्याच हातचं, हे वर बघितल्यावर कळू दे.

३० मे
ही आली. विमानतळावर नव्या देशाचा कारभार आधीच सुरू झालाय; तिच्या जुन्या पासपोर्टवर ‘पाहुणी’ असा शिक्का मारला, नव्वद दिवसांचा. मी म्हटलं, माझ्या ओळखी आहेत, बघतो.
तालमीसाठी निशाण वर चढवलेलं होतं. धक्क्यावरून चढतानाच तिने ओळखलं. कोंबडी नाही, तिच्याखालची नक्षी. सामान तिथेच टाकून ती खोलीत गेली आणि रिकाम्या मागापाशी बसली. बऱ्याच वेळाने बाहेर आली.
“कात्रीने कापलंत?”
मी सांगितलं, हो, पण अगदी सरळ रेषेत.
“इनींना वाटतं माझ्याच्याने होत नाही,” ती म्हणाली. “मी मुद्दाम पुरं करत नव्हते. पुरं झालं असतं तर तो स्वप्नात यायचा थांबला असता.”
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, देशासाठी केलं, पुलासाठी केलं.
“तुमचा देश होऊ दे. तुम्ही अध्यक्ष व्हा,” ती म्हणाली. “मी जांताईची आईच आहे.”
मासा तिने खाल्ला नाही. प्रवासात पोट बिघडलं असेल.

३१ मे
सकाळी निशाणं आली. नायलॉनची, छापील, धनेशासकट. बेलायोंगने माझं उतरवून तिच्या हातात दिलं, माझ्या नाही.
तिने ओसरीवर बसून टाका टाका उसवत पक्षी सोडवला आणि चटईवर ठेवला. कापडाची घडी पिशवीत घातली. निशाणं घेऊन आलेली बोट परत निघाली होती, तिच्यातच बसली. इनी लेमाय धक्क्यापर्यंत गेल्या. मी खांबाची दोरी सारखी करत होतो.
नव्वद दिवस आहेत. येईल.

१ जून
देश सुरू झाला. मंत्री आले नाहीत. वारा नव्हता, निशाण खांबाला चिकटून राहिलं. माझं भाषण चांगलं झालं. प्रत्येकाने हात मिळवून म्हटलं, अभिनंदन, अध्यक्षसाहेब. लहान पोरंसुद्धा. एकजणही चुकला नाही.
तुआक घेतली. ती सणाची, तिला संकल्प लागू नाही.

२ जून
माग झाकला. त्यावर काही नाही, पण ती म्हणाली होती.

४ जून
पाणी चढलंय. घरात बसवेना म्हणून धक्क्यावर गेलो. बेलायोंग बोट काढत होता.
“पलीकडे येता का, अध्यक्षसाहेब?” त्याने विचारलं. लहानपणापासून हा मला अरे-तुरे करत आला आहे.
मी म्हटलं, “जांताईचा बाप म्हण.”
मोटर सुरू होती. त्याने कानामागे हात धरला. “काय म्हणालात, साहेब?”
काही नाही, म्हटलं.