आत्याच्या तासाला

लिफुका, ६ ऑगस्ट

ती. सेइनीताईस,
लेसिएलीचा सा. न. वि. वि.

तुझं खोकं बोटीने पोहोचलं. बिस्किटं आत्याने आधी उघडली, हे सांगायला नकोच.

आता माझी फजिती ऐक. राजधानीहून, नुकूअलोफाहून, आमच्या शाळेत प्रशिक्षणाच्या बाई आल्यात. म्हणे, आम्ही शिक्षकांनी जोडीजोडीने एकमेकांच्या तासाला बसायचं आणि कुठे चुकतं ते तोंडावर सांगायचं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझी जोडी लागावी कुणाशी? आपल्या व्हाइओलाआत्याशी! आपल्याकडे बापाहून आत्याचा मान मोठा; बाबासुद्धा जिच्यापुढे ब्र काढत नाहीत, लग्नातल्या केकचा सगळ्यात वरचा मजला मानाने जिला जातो, तिला भाचीने चुका दाखवायच्या!

बसले बाई तासाला. आत्या प्रश्न विचारते आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही स्वतःच देते. मग सगळी पोरं तेच सुरात म्हणतात. सहावीतली फुसी नुसतेच ओठ हलवते. मधल्या सुट्टीत तिला पुस्तक दिलं, तर एक ओळ वाचता येईना. ऑक्टोबरात मोठी परीक्षा, पुढची शाळा तिच्यावरच ठरते. नापास झाली तर चांगल्या शाळेचं नाव सोडा. तास कसा झाला म्हणून आत्याने विचारलं, तर मी म्हटलं फारच छान. जीभ झडली नाही हे नशीब. काय करू, लवकर कळव.

तुझ्या मायेवर उड्या मारणारी,
लेसू

ऑकलंड, २१ ऑगस्ट

चि. लेसूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कारखान्यात इतकी हसले की मुकादम बघतच राहिला. अगं भित्रे भागूबाई, आत्याला चूक सांग म्हणतंय कोण? तू फक्त मोज. तिने प्रश्न किती विचारले, उत्तरं कुणी दिली. कागद ठेव तिच्या पुढ्यात आणि गप्प बस. चिडली तर इकडे पळून ये, माझ्या खोलीत एक गादी मावते. पण त्या पोरीचं वर्ष वाया गेलं, तर माझ्याशी गाठ आहे.

बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

लिफुका, १० सप्टेंबर

चि. सेइनीस व्हाइओलाआत्याचे अ. आ.

तुझ्या बहिणीने माझ्यापुढे कागद ठेवला. प्रश्न एकतीस, मुलांची उत्तरं दोन. डोकं तुझं आणि हात तिचे, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? दोन दिवस मी तिच्यावर फणफणत होते.

सोमवारी फुसीला फळ्यावरचा शब्द कोणता, असा प्रश्न विचारला आणि तोंड गच्च मिटून बसले. काय जीव कासावीस झाला गं माझा! बाहेर डुकरं ओरडत होती, वर्गात चिडीचूप. शेवटी ती बोलली. उत्तर साफ चुकीचं. पण त्यातून कळलं, पोर पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देते. आता रोज शाळेआधी लेसू, मी आणि ती वाचायला बसतो. काल तिने अख्खं पान वाचलं, अडखळत का होईना. परीक्षेचं देव जाणे.

सेइनी, पाचवी-सहावीला तूही याच वर्गात माझ्यापुढे बसायचीस. तू ती परीक्षा नापास झालीस, तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, पोरगी मठ्ठ आहे. दोन वर्षांत तुला एकदाही बोलू दिलं नव्हतं मी. आत्या कधी भाचीची माफी मागत नाही. मी मागतेय.

याचं उत्तर तूच लिही. लागेल तेवढा वेळ घे. मी थांबेन.

तुझी आत्या