एकच स्वेटर

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळचे दहा

ती. ताईस,

बारक्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

मायना बरोबर आहे ना? तूच पाठ करून घेतला होतास, कान धरून. बाकीच्या चुका लाल पेनाने काढ, पण आधी शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती.

तीस तारखेच्या जेवणाचं तुमचं कार्ड मिळालं. लग्नाला चाळीस वर्षं! म्हणजे भाऊजींनी चाळीस वर्षं तुझं ऐकलं, तेव्हा त्यांचं वेगळं अभिनंदन. त्यांची नवी कवळी नीट बसतेय ना? खालून टोचत असेल तर घरी कानशीने घासत बसू नका म्हणावं. मागच्या वेळी घासून घासून पार वाट लावली होती. माझ्याकडे पाठवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी पडायला लागलीय. माझ्या तळघरातला हीटर एकदाचा दुरुस्त झाला, त्यामुळे कवळ्यांच्या साच्याचं मेण वेळेवर वितळतं आणि मी वेळेवर घरी येतो. ही बरी आहे. ती शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलला सध्या खूप शिकाऊ आलेत, त्यातल्या एका बाईंनी परवा गाडी थेट फुलांच्या दुकानात घातली. कोणाला लागलं नाही. हिने म्हणे ब्रेक दाबता दाबता एक गुलदस्ता झेलला.

झालं. हे एवढंच लिहून मी आतापर्यंत तीन कागद फाडलेत. तिन्ही वेळा गाडी भाऊजींच्या कवळीपाशीच अडकली. आता पुढचं लिहितो.

ताई, कार्डावर फक्त माझं नाव आहे.

कालचं टपाल हिनेच आज सकाळी वर आणलं. कार्ड वाचलं, माझ्या ताटलीशेजारी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, "तू जा. ताईंना बरं वाटेल. मी तेवढ्यात पडदे धुऊन टाकते." आणि लगेच उठून माझा राखाडी शर्ट इस्त्रीला घेतला. जेवण तीन आठवड्यांनी, इस्त्री आज! कॉलरवरून दोनदा फिरवली. ही बाई रडली असती, भांडली असती, तर मला जमलं असतं. पण ती कॉलरला इस्त्री करत होती.

तू दोन वर्षांपूर्वी माझ्या तळघरात आलीस तो दिवस आठवतो? मला तिथल्या खिडकीतून रस्त्यावरच्यांचे फक्त पाय दिसतात. तुझे तपकिरी बूट लांबूनच ओळखले. पाय असे आपटत येत होते की म्हटलं, आज आपली काही धडगत नाही. तू आत आलीस, टेबलावर मांडलेल्या सगळ्या कवळ्यांकडे पाठ करून बसलीस आणि म्हणालीस, "बारक्या, मन घट्ट कर." मग सांगितलंस. तू कुंड्या घ्यायला रोपवाटिकेत गेली होतीस. तिथे ती आणि रोपवाटिकेचा मालक हातात हात घालून झाडांना पाणी घालत होते. आणि बाहेर तिची गाडी उभी होती, टपावर 'शिकाऊ' अशी ही मोठी पाटी लावलेली.

अगं ताई, लपवायचं असतं तर कोणी पाटी लावून जाईल का? एवढी हुशार तू, हजार मुलांच्या कॉप्या पकडलेल्या, तुला एवढं सुचलं नाही? पण तुला कसं सुचणार! माझा चेहरा पाहिलास तू. तो पांढरा पडला होता. तुला वाटलं, बिचाऱ्याला आत्ता कळलं.

मला तेव्हा दोन वर्षांपासून माहीत होतं. माझ्या संमतीने चाललं होतं. संमती कसली, कल्पनाच माझी.

माझा चेहरा पांढरा पडला तो वेगळ्याच भीतीने. खरं सांगितलं असतं, तर कारणही सांगावं लागलं असतं. म्हणून मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मी बघतो काय ते." बस. एवढंच बोललो. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, आई गेली तेव्हा फिरवायचीस तसा. मला इतकं बरं वाटलं, ताई, की मी तो हात फिरवून घेतला.

आता ते कारण. बावन्न वर्षांच्या माणसाने मोठ्या बहिणीला हे लिहावं, याची लाज वाटतेच. खुर्चीत चारदा बसून उठलो. पण लिहितो.

मला त्या गोष्टीची ओढ नाही. कधी फारशी नव्हतीच. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ओढूनताणून निभावली, मग कामाचा शीण, मग पाठ, मग दिवसाला एक नवीन सबब. डॉक्टरांना दाखवलं. सगळे रिपोर्ट धडधाकट. डॉक्टर म्हणाले, "काही लोक असतात असे." झालं, मी त्या काही लोकांतला. आणि ती तशी नाही. ती साधी, रसरशीत, जिवंत बाई आहे. तिने वर्षानुवर्षं मला एकच विचारलं, "माझ्यात काही कमी आहे का?" आणि मी 'नाही' म्हणून कूस बदलायचो. त्या 'नाही'वर कोण विश्वास ठेवेल? ती आरशासमोर उभी राहायची कमी झाली. केस कापून टाकले. मी बघत होतो सगळं. लोकांचे दात मोजून मापून बसवणारा मी, घरात काय मोडतंय ते कळत असून गप्प.

तिच्यावर माझं प्रेम नाही असं मात्र समजू नकोस. संध्याकाळी ती पाय माझ्या मांडीवर टाकून दिवसभराच्या शिकाऊंच्या नकला करते, ते ऐकल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. तिला मिठी मारायला मला आवडतं. फक्त त्यापुढची पायरी माझ्यात नाही.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. मी वर न बघता म्हणालो, "तुला कोणी भेटलं, तर मी आड येणार नाही." ती उठून गेली. तीन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "हाकलतोयस का मला?"

"नाही गं," मी म्हणालो, "ठेवून घ्यायची धडपड करतोय."

त्यानंतर आम्ही दोन वर्षं नुसते बोललो, ताई. आधी सतरा वर्षांत बोललो नव्हतो तेवढं. भांडलो, रडलो, मधेच हसूही यायचं. शेवटी ठरलं, खोटं बोलायचं नाही. रविवार आपला. आणि दोघांतलं कोणीही 'थांब' म्हणालं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

मग हा बागवाला भेटला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कमी बोलणारा, नखांत कायम माती. ही दर गुरुवारी दुपारी त्याच्याकडे जाते. जाताना मुद्दाम माझ्या खिडकीवरून जाते आणि बुटाच्या टोकाने काचेवर दोनदा टकटक करते. परत येतानाही दोनदा. चार वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

त्रास होत नाही का, विचारशील. होतो की! पहिल्या गुरुवारी तर एका आजोबांची कवळी मी इतकी उंच करून ठेवली की बिचाऱ्यांना तोंडच मिटता येईना. दुसऱ्या दिवशी ते तसेच आ वासून हजर. त्यांना वाटलं, ही नवी पद्धत असेल. पुढच्या गुरुवारी हिने खिडकीपाशी वाकून विचारलं, "थांबू का?" मला 'हो' म्हणता आलं असतं. तिने खरंच थांबवलं असतं. तेवढ्यानेच माझ्या जिवाला थंडावा मिळाला, आणि मी म्हणालो, "जा, पण चहाला ये." ती आली, गाणं गुणगुणत. कितीतरी वर्षांनी गुणगुणत होती गं.

आणि एक गंमत सांगतो. बागवाल्याचा पुढचा एक दात तुटलेला होता. हिने त्याला माझ्याकडेच पाठवलं. काय पण धीट बायको आहे माझी! तो माझ्यासमोर तोंड उघडून बसला, दोघेही घामाघूम. मनात आलं, करावा एखादा वाकडा. पण हात ऐकेनात. ताई, आजवर केलेल्या कामातला तो माझा सर्वात देखणा दात आहे. कुठला खरा नि कुठला माझा, ओळखून दाखव. जाताना तो म्हणाला, "तुमच्या घरातलं मी काही नेत नाहीये, एवढं खरं माना." मी म्हणालो, "माहीत आहे. पंधरा दिवस कडक काही चावू नका." दुसरं काय बोलणार!

आता सगळ्यात वाईट भाग.

तू तळघरात येऊन गेलीस त्याच आठवड्यात तुझा घरी फोन आला. हिने उचलला. मी समोरच होतो. तू काय काय बोललीस ते मला पलीकडून ऐकू येत होतं. "माझ्या भावाचं आयुष्य नासवलंस. घरात राहायची तुझी लायकी नाही." हिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बराच वेळ. फोन माझ्या हातात द्यायला तिने हातही थोडा पुढे केला होता.

मी उठलो आणि पाणी प्यायला गेलो.

मग मागून तिचा आवाज आला, "हो ताई. चूक माझीच आहे."

तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझं तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी नाही सांगणार. ते तुझं आहे." त्यानंतर दोन वर्षांत त्याबद्दल एक शब्द नाही, एक टोमणा नाही. मी पुरुष म्हणून उणा ठरू नये, म्हणून ही बाई सगळ्या नातेवाइकांत बदफैली ठरली. आणि मी ठरू दिलं.

तू दर थंडीत दोन स्वेटर विणून पाठवायचीस, तिचा आणि माझा. मागच्या दोन थंडींत दर वेळी एकच आला. मी तो घातला, ताई. हिनेच बटणं लावून दिली आणि म्हणाली, "रंग शोभतो तुला. ताईंचा हात काही औरच." तिच्या अंगावर तूच विणलेला जुना निळा होता, कोपराला ठिगळ लावलेला. दुसरा घे म्हटलं तर म्हणाली, "याच्याइतका ऊबदार बाजारात मिळत नाही."

मी रोज कोणाकोणाचे आभार मानतो, तुला सांगू? तिचे मानतो, कारण जायला सगळी दारं उघडी असून ती चहाला घरी येते. त्या बागवाल्याचेही मानतो, कारण तो तिला हसती करून परत पाठवतो. आणि तुझे तर जन्मभराचे आहेत. आई गेल्यावर तू स्वतः मागून जेवून आधी मला वाढलंस, आणि माझ्यावरच्या मायेपोटीच तिच्यावर तुटून पडलीस. मला राग येतो तो फक्त माझा. तुझ्या मायेचा मी असा वापर करायला नको होता.

आमचं हे असं जगणं तुला पटावं असा माझा हट्ट नाही. पटणारही नाही कदाचित. पण दोन वर्षं तू तिला जे जे बोललीस ते तिच्यावरून काढ आणि माझ्यावर घाल. ते माझं होतं. आणि तीस तारखेला मी एकटा येणार नाही. आम्ही दोघं येऊ, नाहीतर तुम्हा उभयतांना इथूनच नमस्कार.

इथवर लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. आधी म्हणाली, "अरे, एवढं सगळं लिहायची काय गरज होती?" मग म्हणाली, "ते डॉक्टरांच्या खालचं परत वाच."

मी परत वाचलं. आणि तिथे एक वाक्य लिहायचं राहिलं होतं हे माझ्या लक्षात आलं, ते तिला तोंडी सांगितलं आणि तुझ्यासाठी इथे लिहितो. तिच्यात काहीही कमी नव्हतं. कधीच नव्हतं.

तिने शेंगांची ताटली बाजूला ठेवली आणि तोंडाला पदर लावून पोटभर रडली. मी नुसता जवळ बसून राहिलो.

भाऊजींना नमस्कार. त्यांना हे वाचू द्यायचं की नाही, तुझं तू ठरव. आता मला चालेल.

तुझ्याशी खोटं कधी न बोललेला, पण खरं सांगायला दोन वर्षं लावलेला,
तुझा
बारक्या

ता. क. सोबत पार्सलमध्ये माझे दोन्ही स्वेटर परत पाठवतोय. रागाने नाही गं. फसवून मिळवलेल्या मायेचे ते मला अंगावर घालवत नाहीत. उसवलेस तर लोकर वाया जाणार नाही. तिचं माप तुझ्याकडे आहेच, फक्त बाह्या बोटभर लांब कर, गाडी शिकवताना वर सरकतात. विणलेस तर दोन विण, ताई. नाहीतर मलाही नको.