पिवळी आहे ना?

११ नोव्हेंबर, सोमवार

आजही पट्टी चिकटली! मी दिलेल्या टॉवेलच्या कापडाचे ते फुगीर धागे जखमेत रुतूनच बसले. सुबोधनं सलाइन ओतून ओतून पट्टी सोडवली, तरी नवं मांस सोबत आलंच. माझ्याच्यानं बघवेना. ज्यांचा पाय, ते बिरप्पा मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेले. पायाला कळतच नाही त्यांच्या काही — साखरेनं सगळी जाणीव गेलीय. बाभळीचा काटा मोडला होता, तोही म्हणे चार दिवसांनी बायकोला, कस्तुराबाईंना, दिसला.

सुबोध माझा मावसभाऊ, पण दवाखान्यात बसला की नुसता डॉक्टर. "वैदेही, पू हाडापर्यंत गेला की पाय ठेवता येणार नाही. पट्टी उशिरा बदलली तरी धोका, आणि सारखी उचकटली तर जखम भरत नाही." ही माणसं सांगोल्याच्याही पलीकडची. दोन एसट्या बदलून यायचं, मेंढरं कुणाच्या तरी गळ्यात घालून. म्हणजे कधी बदलायची ते पट्टीनंच सांगायला हवं. आणि तशी पट्टी करणार कोण, तर मी! कॉलेजात रंगाई शिकवणारी बाई. मुलांचे टॉवेल एकसारखे रंगवून घेता येत नाहीत, निघाले पाय वाचवायला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दोन महागडे रंग वाया गेले. शेवटी हळद! जखम बिघडत चालली की तिच्यातलं पाणी सोड्यासारखं होतं, आणि सोड्यानं हळद लाल होते. साबण लावला की पदरावरचा डाग होतो ना, तशी. सुती कापड हळदीत उकळलं, वाळवलं, वर सोड्याचं पाणी सोडलं — लाल!

पोरं म्हणतात, "मॅडम, टॉवेलला हळद लागली, आता अक्षता कधी?" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर वाटलं, हेही फसणार. माझं काय सरळ झालंय आजवर?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आता चिकटत नाही. खाली बारीक जाळी, मध्ये टॉवेलचं कापड पाणी शोषायला, वर पिवळं. दहा पट्ट्या शिवून दिल्या. सुबोधनं उकळलेल्या पाण्यापासून हात धुण्यापर्यंत सगळं समजावलं. मी एवढंच सांगितलं — पिवळी आहे तोवर हात लावू नका, आठवड्यानं बदला. लाल झाली की लगेच काढा, नवी लावा, मला फोन करा. लागोपाठ दोनदा लाल झाली तर तडक इथं सोलापूरला, दवाखान्यात.

"हळदीचं हाय व्हय?" कस्तुराबाईंनी वास घेऊन बघितला. "मग कशाचं भ्या!"

बिरप्पांनी पाठ म्हणून दाखवलं, "पिवळं म्हंजी बरं, लाल म्हंजी वाईट." मी म्हटलं, अगदी बरोबर.

२ डिसेंबर, सोमवार

चौथ्याच दिवशी लाल झाली. फोनवर मी ओरडलेच, "अरे देवा! लाल कशी काय झाली?" पलीकडे बिरप्पा होते. मग हळूच म्हणाले, "बदलली की बाई लगीच. तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

सुबोधला सांगितलं तर तो खूश. "अगं, चाललं की तुझं!" मला कसला आनंद? त्या माणसाचा पाय डोळ्यापुढून हलत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

पिवळी आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

पिवळी. रोज फोन करते. सुबोध म्हणतो, पेशंटला त्रास देऊ नकोस. मी विचारल्याशिवाय राहू शकत नाही — "पिवळी आहे ना?" तिकडून "व्हय व्हय, पिवळीच हाय!" असं आलं की घास खाली उतरतो.

१४ डिसेंबर, शनिवार

त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं, फोटो पाठवला. काय पिवळी! बारा दिवस झाले, लाल म्हणून नाही. सुबोधला दाखवला. तो बोलावूनच घेणार होता त्यांना. फोटो बघून म्हणाला, येऊ देत पुढच्या आठवड्यात. मला वाटायला लागलंय की वाचेल पाय. लिहायचीसुद्धा भीती वाटते.

२० डिसेंबर, शुक्रवार

कपाळ माझं!

दुपारी बिरप्पांना टेम्पोत घालून आणलं. अंगात फणफणून ताप, दात वाजतायत. दारातूनच वास आला. आणि पट्टी? पिवळीधमक! मी म्हटलं, असं कसं? सुबोधनं ओल्या कापसानं वरून नुसतं पुसलं. सगळा पिवळा रंग कापसावर आला. खाली पट्टी विटेसारखी लाल, मध्ये काळी.

भंडारा होता. बिरोबाचा भंडारा, देवावर उधळतात ती हळदीची पूड. रोज त्यावर टाकलेला, थरावर थर!

मी व्हरांड्यात कस्तुराबाईंना काय काय बोलले. देव जखम बघायला येतो का, एवढं सांगून कळत नाही का, तुमच्या हातानं घालवलात नवऱ्याचा पाय! माणसं वळून बघायला लागली तरी माझं तोंड थांबेना. त्यांनी एकदा आत नवऱ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "चुकलं बाई." एवढंच.

२२ डिसेंबर, रविवार

हाडापर्यंत गेलंय. परवा गुडघ्याखाली कापणार.

तो फोटो काढून बसलेय. वीस वर्षं मी रंग शिकवते. माझ्या हातनं उकळलेलं कापड कधीच इतकं तेजस्वी निघालं नव्हतं, तो मंद, थोडा मळका पिवळा होता. आणि वर भुकटीचे कण दिसतायत की! शेंबडं पोरगंही सांगेल. मला नाही दिसले, कारण मला पिवळंच बघायचं होतं. इथं पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि बोलले त्या माउलीला.

२४ डिसेंबर, मंगळवार

झालं ऑपरेशन. सुबोध बाहेर आला, मान हलवून चहा प्यायला गेला. कस्तुराबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी काहीतरी म्हणायला गेले तर त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. म्हणाल्या, "जेवला न्हाईसा जनू."

उरलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही. कापड रंगवावं, पोरांना मार्क द्यावेत, गप बसावं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

बिरप्पांनी बोलावून घेतलं. कस्तुराबाई खाली औषध आणायला गेलेल्या.

"तिला बोललासा म्हनं. तिनं न्हाय टाकला, बाई. मी टाकत हुतो. ती मेंढरामागं गेली की."

मी विचारलं, का? पाय जाईल म्हणून भ्यालात?

"ते भ्याव हुतंच की. पन तुमी रोज इतक्या आशेनं इचारायच्या. लाल झालं म्हनलं तर तुमचं कापड फसलं असं झालं असतं. येवढी शिवलीसा रातध्याड आमच्यापायी."

लाल होणं हेच त्या कापडाचं काम होतं. तीन आठवड्यांत हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

आजही सांगवलं नाही.